बाकी

अक्कलकोट रोडच्या गाळ्यात माझे आठ माग.
सहावा चार महिने गप्प आहे,
कामण्णा पळाला तेव्हापासून.
अठ्ठावीस हजारांची बाकी घेऊन गेला,
वर दोन किलो सूत.
मला ‘मालकीण’ म्हणायचा, नजर खाली ठेवून.

वहीत त्याच्या नावावर मी काट मारली नाही.
काट मारली म्हणजे सोडलं.
पान नुसतं दुमडून ठेवलं.

आज तो दारात उभा.
हातात घामानं मऊ पडलेला कागद,
वर तुरुंगाचा शिक्का,
आत शांतवनमामाचं वाकडं अक्षर.

मामा पतसंस्थेत कुणाच्या तरी कर्जाला जामीन राहिला.
तो कुणीतरी पुण्याला गेला.
मामाचे चेक वटले नाहीत.
जामीन राहिला म्हणून आत गेला,
आणि आता त्यालाच जामीन मिळेना.

‘सगुणे,
हा पोरगा मारामारीत आत आला.
माझ्या पथारीला पथारी लावून झोपायचा,
रात्री उबळ आली की पाठ चोळायचा.
नाव कामण्णा, तुझ्याकडं अगदी बिनकामाचा होता, ठाऊक आहे.
आता बघ.
त्याची बाकी माझ्या पानावर घे. सही करतोय.
तुझा बाप गेल्यावर धोट्यात कांडी बसवायला
तुला कुणी शिकवलं, ते मी काढत नाही.’

काढत नाही म्हणतोस मामा,
आणि शेवटच्या ओळीत काढतोसच.
ही युक्ती तुझी नाही.
एका जुन्या कैद्याची आहे,
बेड्यांच्या हातांनी त्यानंही एक पान लिहिलं होतं
एका पळालेल्या गुलामासाठी, त्याच्याच मालकाला.
नावावरची कोटीसुद्धा त्याचीच.
तो तंबू शिवायचा म्हणे,
म्हणजे आपल्यातलाच, सुतामेणातला माणूस.
म्हणून तर माझा त्याच्यावर राग आहे.

‘सोड त्याला’ असं तो कुठंच लिहीत नाही.
‘भाऊ समज’ लिहितो.
सोडणं सोपं होतं, एका लाल रेघेचं काम.
भाऊ समजायचं तर आधी
मी कोण, ते बदलायला लागतं.

पाळकसाहेब सांगतात, हे पत्र म्हणजे आपलीच गोष्ट:
पळालेले आपण, बाकी आपली,
आणि मधे एकजण उभा राहतो,
म्हणतो, माझ्या नावे मांडा.
रविवारी मला हे पटतं, डोळे भरतात.
सोमवारी सूतवाला येतो.

पण जेकार्डचे पत्ते मी लहानपणापासून बघते.
मोर पुठ्ठ्यावर कुठंच नसतो.
जिथं पुठ्ठा कापून काढलाय,
त्या भोकांतून तो चादरीवर उतरतो.
देवानं स्वतःतून काही कापून काढलं असेल
तर ते असंच काहीतरी.
एवढंच मला कळतं. पुढचं नाही.

त्या मालकानं पुढं काय केलं,
गुलामाला जेवायला बसवलं की
डागणी तापत ठेवली,
पत्रात नाही.
पत्र जपणाऱ्यांनी उत्तर जपलं नाही.

मी वही उघडते.
मामाचं पान काढते. कोरं आहे.
बापानं कधी त्याचं काही लिहूनच ठेवलं नव्हतं,
ना घेतलेलं, ना दिलेलं.
अठ्ठावीस हजार, सूत धरून अठ्ठावीस हजार सहाशे.
पेन टेकवते आणि अडते:
नावे मांडू की जमा?

तेवढ्यात लाईट जाते.
सातही माग एकदम थांबतात,
कान दुखावेत इतकी शांतता.
दारातला माणूस दारात नाही.
पार आतून, सहाव्याच्या मागून आवाज येतो,
‘अक्का,
पट्टा ढिला झालाय ह्याचा.
पाना कुठं ठेवलाय?’